विजन आणि संग

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याने कसे राहावे याचे विवेचन आहे. योग्याने निर्जन स्थळी एकट्याने राहावे, चित्त व देह स्वाधीन ठेवावे, आशा व परिग्रह सोडावा आणि मन निरंतर योगात जोडावे, असा त्या उपदेशाचा भाव आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना एकान्तस्थळाची आवड आणि जनसमुदायाविषयी अरुची ही दोन्ही गणली आहेत. परंतु दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण चक्रवर्ती आपल्या भक्तांचे वर्णन करतात, ते निराळे आहे. त्या भक्तांचे चित्त व प्राण भगवंताच्या ठिकाणी असतात, ते परस्परांना बोध करतात, त्याचेच कथन करतात आणि त्यातच संतोष पावतात. एकाच मुखातून निघालेली ही वचने परस्परविरुद्ध तर नव्हेत? साधकाने लोकांपासून दूर जावे, की साधकांच्या मेळ्यात बसावे?

ही शंका केवळ पंडितांच्या वादाची नाही. साधकाचा सारा दिनक्रम तिच्या उत्तरावर अवलंबून आहे. एकान्ताचा पक्ष घेऊन कोणी आश्रमाचा उंबरठाच सोडतो, तर संगाचा पक्ष घेऊन कोणी आयुष्यभर मेळ्यांतून हिंडतो आणि एक घटकाही स्वतःशी बसत नाही. दोघांचेही साधन खुंटते, आणि आपले साधन खुंटले आहे हे दोघांनाही कळत नाही.

प्रथम एकान्ताचा विचार करू जाता, परमार्गात विजनाला जे स्थान आहे ते कोणालाही नाकारता येणार नाही. अटन, विजन, भिक्षा, भोजन, निद्रा या साऱ्या आचारांत स्मरण ओवलेले आहे. पण त्या स्मरणाचे मुख्य क्षेत्र विजनच होय. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी अनुसरलेल्यांना स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषेकरून आप्तसंबंधितांचा संबंध सोडण्यास सांगितले. याचे कारण उघड आहे. ओळखीच्या माणसांत जीव आपल्या जुन्या नावाने व जुन्या अभिमानाने वावरतो. कोणाचा पुत्र, कोणत्या कुळाचा, किती विद्वान, याची आठवण त्याला क्षणोक्षणी करून दिली जाते. विजनात ही आठवण करून देणारे कोणी नसते, म्हणून तेथे परमेश्वराचे स्मरण करण्यास मन मोकळे होते. तेव्हा विजन सोडून केवळ संगाने काम भागेल असे जो म्हणेल, त्याने आचाराचा अर्धा भाग गाळला असे समजावे.

आता दुसरी बाजू. परमेश्वराच्या असन्निधानी साधकाने ज्यांचा आश्रय घ्यावयाचा, अशी चार साधने पंथात प्रसिद्ध आहेत : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. यांपैकी स्थान म्हणजे श्रीचरणांचा संबंध लाभलेली भूमी, आणि प्रसाद म्हणजे त्याच संबंधाने पावन झालेली वस्तू. उरलेली दोन मात्र भूमीही नव्हेत आणि वस्तूही नव्हेत. ती माणसे आहेत. भिक्षुक म्हणजे संन्यस्त, आणि वासनिक म्हणजे संसारात राहून धर्माची वासना धरणारा. चार आधारांपैकी दोन आधार माणसांचे सांगितले गेले, यावरूनच संगाची योग्यता ध्यानात येते. स्थानाला दंडवत घालणारा साधक शेजारी बसलेल्या भिक्षुकाविषयी किंवा वासनिकाविषयी उदासीन राहिला, तर त्याने चौघांतील दोघांना सोडलेच म्हणावे लागेल.

लीळाचरित्राची रचनाही या दृष्टीने मननीय आहे. त्याचे तीन भाग : एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. एकांकात स्वामींचे एकाकी भ्रमण आहे. पुढील दोन भागांत बाइसा, महदाइसा, नागदेव आदी भक्तजनांच्या परिवारातील लीळा आहेत. परमेश्वराला एकान्ताने काही मिळवावयाचे नव्हते आणि संगानेही मिळवावयाचे नव्हते. तरीही त्यांचे बहुतेक निरूपण आपल्यापर्यंत पोचले ते कोणीतरी जवळ बसून प्रश्न केला म्हणून. महदाइसेची जिज्ञासा तर पंथात विश्रुत आहे. प्रश्न एकीने केला, उत्तर मात्र तेथे बसलेल्या सर्वांना मिळाले, आणि सातशे वर्षांहून अधिक काळ ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला मिळत आहे. ज्याला प्रश्न सुचत नाही, त्याचाही संशय दुसऱ्याच्या प्रश्नाने फिटतो; एकट्याने बसणाऱ्याला हा लाभ नाही.

संगाची खरी कसोटी लागली ती स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर. परंपरेने हा काळ शके ११९६, म्हणजे इ. स. १२७४ मानला जातो. ज्यांच्या दर्शनावर जीवन उभे होते तेच डोळ्यांसमोरून गेले. त्या वेळी प्रत्येक भक्त आपापल्या वाटेने निघून गेला असता, तर आपापल्या परीने प्रत्येकाने स्मरण केलेही असते. पण त्या पिढीबरोबर ते स्मरणही संपले असते. तसे झाले नाही. भक्तजन रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी एकत्र आले आणि सुमारे शके १२०९ पर्यंत, म्हणजे श्रीप्रभूंच्या प्रयाणापर्यंत, त्यांना हे सन्निधान लाभले. विरहाचे दुःख एकट्याला मोडून टाकते. तेच दुःख समानशील जनांमध्ये बसल्याने सेवेत आणि स्मरणात परिणत झाले.

याच काळातील एक प्रसंग स्मृतिस्थळात नोंदलेला आहे, आणि प्रस्तुत शंकेचे समाधान त्यातच साठवलेले आहे. नागदेवाचार्य चिंतनात मग्न असत. म्हाइंभटांनी त्यांना विचारले की आपण कशाचे मनन करता? आचार्यांनी सांगितले की सर्वज्ञांच्या लीळांचे. तेव्हा म्हाइंभटांच्या मनात आले की या लीळा लिहून ठेवल्या, तर त्या सर्वांना उपयोगी पडतील. मग म्हाइंभट ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे गेले, त्यांना विचारले, पडताळले, आणि सुमारे शके १२०० मध्ये, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास, लीळाचरित्र सिद्ध झाले.

या प्रसंगाचा नीट विचार केला पाहिजे. आचार्यांनी विजनात मनन केले नसते, तर म्हाइंभटांना विचारण्यासारखे काही उरले नसते. आणि म्हाइंभटांनी जवळ जाऊन विचारले नसते, तर ते मनन आचार्यांच्या देहाबरोबरच मावळले असते. विजनात जे पिकले ते संगात वाटले गेले. आणि जे वाटले गेले त्यावरच पुढील साधकांचे विजन चालले. आज जो साधक वृक्षाखाली बसून एखादी लीळा आठवतो, त्याला वाटते की आपण एकटे आहोत. परंतु ती लीळा पाहणारा, सांगणारा, लिहिणारा, जतन करणारा असा सारा मेळा त्याच्यासोबत बसलेला असतो.

पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, आणि भक्तजनांच्या कंठस्थ पाठांवरून लीळा पुन्हा सिद्ध करण्यात आल्या, अशी परंपरा आहे. त्यातील पाठभेद लपविले गेले नाहीत. कोणाची 'वासना' काय होती, हे हस्तलिखितांतून आदराने नोंदविले गेले. कारण एकाची स्मृती कितीही शुद्ध असली तरी तिला दुसऱ्याच्या स्मृतीचा पडताळा हवा, हे त्या महात्म्यांनी ओळखले होते. नंतरच्या काळात सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ग्रंथ लिहिले गेले. अशी पोथी हाती असली तरी जाणत्याच्या जवळ बसल्याशिवाय तिचे एक अक्षरही उलगडत नसे. ग्रंथ मुद्रित होऊन सर्वांसमोर आले, म्हणून त्या जवळ बसण्याची गरज संपली असे मात्र नव्हे. तेव्हा लिपी उलगडत नव्हती, आता अर्थ उलगडत नाही, भेद एवढाच.

येथे कोणी म्हणेल : स्मरण तर एकट्यालाच करावयाचे आहे, मग संगाने त्यात अधिक काय होते? याचे समाधान असे की, साधकाला आपले दोष आपल्या डोळ्यांनी दिसत नाहीत. विजनात बसलेल्याला आपण शांत झालो असे वाटते. पण ती शांती विकार गेल्याची आहे, की विकाराला निमित्त न मिळाल्याची, हे त्याला कोण सांगणार? पंक्तीत आपल्याआधी दुसऱ्याला वाढले गेले, निरूपणात आपला मुद्दा कोणी खोडला, सेवेत आपले नाव कोणी घेतले नाही, म्हणजे ते तत्काळ कळते. दोष कळला की अनुताप, आणि अनुताप झाला की प्रायश्चित्त. पण प्रायश्चित्त ज्याच्याजवळ मागावयाचे असा अधिकारी जवळ नसेल, तर मनुष्य स्वतःच आपला न्यायाधीश होतो आणि बहुधा स्वतःला निर्दोष सोडून देतो.

योगभ्रष्टाविषयी सहाव्याच अध्यायात जे सांगितले आहे, तेही याला पोषक आहे. ज्याचे साधन मध्येच खंडित झाले त्याची काय गती, या अर्जुनाच्या प्रश्नाला श्रीकृष्ण चक्रवर्ती दोन गती सांगतात : पवित्र व श्रीमंतांच्या घरी जन्म, किंवा ज्ञानी योग्यांच्या कुळात जन्म, आणि या दुसऱ्या जन्माला ते अधिक दुर्लभ म्हणतात. ज्या अध्यायाने एकान्ताची आज्ञा दिली, तोच अध्याय पडलेल्या साधकाला उठविण्यासाठी योग्यांच्या संगाकडे बोट दाखवितो. म्हणजे एकान्त हा चालणाऱ्याचा मार्ग असला, तरी पडलेल्याला उचलणारे हात संगातच असतात. आणि आपण कधी पडणारच नाही, असे कोणत्या साधकाला म्हणता येईल?

परंतु संग म्हणजे गर्दी नव्हे. तेराव्या अध्यायात ज्याविषयी अरुची सांगितली तो जनसमुदाय वेगळा, आणि दहाव्या अध्यायातील परस्परांना बोध करणारे भक्त वेगळे. दृष्टान्तपाठातील हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टान्त सर्वांस परिचित आहे. ज्याच्या हाताला जो अवयव लागला, तोच हत्ती असे तो सांगू लागला. त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : आंधळ्यांची संख्या वाढविल्याने हत्ती दिसत नाही, त्यांच्यात एक डोळस असावा लागतो. शास्त्र हा ज्या मेळ्याचा डोळा नाही, त्या मेळ्यात अज्ञानाची केवळ बेरीज होते. २०१५ पासून दरवर्षी २१ जून रोजी योगदिन पाळला जातो आणि सहस्रावधी लोक एका मैदानात आसने करतात. शरीराच्या आरोग्यासाठी ते हितकारकच आहे. पण शेजारच्या आसनावरील मनुष्य कोण, त्याचे साधन कोठे अडले, हे ज्याला विचारावेसे वाटत नाही, तो त्या मैदानात एकटाच असतो. पंथाच्या यात्रांतही असेच घडू शकते. रिद्धपुरास जाऊन, जाळीच्या देवास जाऊन, स्थानवंदन आटोपून, एकाही साधकाशी धर्मवार्ता न करता जो परततो, त्याला स्थान घडले. भिक्षुक आणि वासनिक घडले नाहीत.

संगात दुसरे भय आहे ते विकल्पाचे. चार साधक एकत्र आले की पाचव्याची उणीदुणी निघतात. अमुक आश्रमात शिष्य किती, अमुक महंतांना मान कोठे मिळाला, अशा गोष्टींत घटका जातात आणि उठताना साधक बसला होता त्याहून जड होऊन उठतो. असा संग विजनाचाही नाश करतो. कारण तेथे ऐकलेले शब्द साधकाबरोबर वृक्षाखाली जातात आणि स्मरणाच्या आड येऊन बसतात. अशा बैठकीतून उठून जाणे हेच शास्त्राला धरून होय.

मग बैठक कशी असावी? याचे उत्तर नागदेवाचार्यांच्या आचरणातच आहे. केसोबास संस्कृताचे मोठे पंडित. त्यांचा कल संस्कृताकडे जाऊ लागला, तेव्हा आचार्यांनी त्यांना आवरले. कारण त्यायोगे परिवारातील वृद्ध साधिका ज्ञानाला मुकल्या असत्या. ज्या मेळ्यात सर्वांत दुर्बल श्रोत्याचा विचार आधी होतो, तोच धर्माचा मेळा. त्याला संख्येची गरज नाही. तीन माणसांनीही तो पुरा होतो. प्रथम शास्त्राचे थोडे वाचन व्हावे, मग त्यावर धर्मवार्ता व्हावी. प्रश्न विचारण्याची मोकळीक नव्या वासनिकाला आधी असावी. अनुपस्थिताची निंदा नव्हे, तर चौकशी व्हावी. आणि उठल्यावर प्रत्येकाने काही काळ तरी विजनात जाऊन ऐकलेले पचवावे.

२०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे देवस्थाने बंद झाली. ती महाराष्ट्रात १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. त्या काळात विजन सर्वांच्याच वाट्याला सक्तीने आले. पूर्वीच्या बैठकांत ज्याने काही साठविले होते, त्याला ते दिवस स्मरणाला मिळाले. ज्याने केवळ हजेरी लावली होती, त्याच्यापाशी बंद दाराआड आठवावयास काही नव्हते. दारे उघडल्यावर काही साधक परतले, काहींची सवय सुटली ती सुटलीच. जे परतले नाहीत त्यांच्या दाराशी कोणी गेले काय? चार साधनांत वासनिकाची गणना करणाऱ्या मार्गात हा प्रश्न प्रत्येक आश्रमाने आणि प्रत्येक उपदेशी कुटुंबाने स्वतःस विचारण्यासारखा आहे. एका घरी जाऊन, दंडवत करून, एक लीळा सांगून येणे एवढेही पुष्कळ आहे. म्हाइंभट तरी दुसरे काय करीत होते? ते साधकांच्या दाराशी गेले आणि त्यांना आठवण विचारली.

तात्पर्य, विजन आणि संग ही दोन मते नसून एकाच साधनेची दोन पाऊले आहेत. एक पाऊल उचलले असता दुसरे भूमीवर टेकलेले असावे लागते. जो दोन्ही एकदम उचलू पाहतो तो पडतो. आणि जो एकही उचलत नाही तो जेथल्या तेथे राहतो. साधकाने विजनात परमेश्वराला आठवावे, संगात ते आठवण्याचे सामर्थ्य घ्यावे आणि द्यावे, आणि या दोन्हींच्या आधाराने असन्निधानाचा हा काळ सार्थकी लावावा. दंडवत प्रणाम.