कामाची मोजणी आणि माणसाची वाढ

काम पुष्कळ झाले म्हणजे ते चांगले झाले काय? आणि पुष्कळ काम करणारा माणूस त्या कामाने वाढतो काय? हे प्रश्न दोन आहेत. पण आपण त्यांची गल्लत करतो आणि एकाच उत्तराने दोन्ही मिटवून टाकतो. आज घरोघरची मुले संगणकाच्या धंद्यात आहेत. एखादा मुलगा रात्री घरी येऊन म्हणतो, "आज काहीच झालं नाही." दुसऱ्या दिवशी म्हणतो, "आज खूप झालं." बाबा रे, हे 'खूप' तू कोणत्या मापाने मोजलेस, असे विचारले तर मात्र तो गप्प बसतो. म्हणून त्याच धंद्यातले दाखले घेऊन हा विचार करू.

या धंद्याचे स्वरूप असे की, यंत्राने काय करावे याच्या आज्ञा ओळीखाली ओळ लिहावयाच्या. त्याला 'कोड' म्हणतात. विणकराचे कापड हाताने मोजता येते, गवंड्याची भिंत डोळ्यांना दिसते. पण हे काम दिसत नाही. येथे पूर्वपक्ष उभा राहतो तो असा: "काम मोजल्याशिवाय पगार कशाचा द्यायचा? कामसू कोण आणि आळशी कोण हे मालकाला कळायचे कसे?" प्रश्न खोटा नाही. त्यावर काही ठिकाणी उपाय निघाला की, ओळी मोजा!

मग काय झाले ते ऐका. १९८२ सालची, अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीतील गोष्ट. 'लिसा' नावाचा संगणक तयार होत होता. काम किती पुढे सरकले हे कळावे म्हणून व्यवस्थापकांनी एक कागद काढला. प्रत्येकाने दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या तो आकडा त्यात भरावयाचा. बिल अ‍ॅटकिन्सन हे तेथील मोठे कसबी गृहस्थ. पडद्यावर आकृती काढणारा 'क्विकड्रॉ' हा भाग त्यांचा. वेड्यावाकड्या क्षेत्रांचा हिशेब करण्याची जी रीत त्यांनी पूर्वी बसविली होती, ती त्यांनी त्या आठवड्यात मुळापासून पुन्हा विचारात घेतली. अधिक सोपी आणि अधिक व्यापक रीत सापडली. काम जवळजवळ सहापट वेगाने होऊ लागले आणि सुमारे दोन हजार ओळी गळून पडल्या. आता कागदावर लिहावे काय? त्यांनी लिहिले, 'उणे २०००'. पुढे थोड्याच आठवड्यांत त्यांच्याकडे तो कागद मागणे बंद झाले. त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे.

जुन्या पाठशाळेत शिकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पाणिनींनी सुमारे चार हजार सूत्रांत भाषेचे व्याकरण बांधले, आणि अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो असे आपल्याकडे म्हणतातच. हे लाघव कशासाठी? सूत्र लिहिणारा एकदाच लिहितो. पाठ करणारे पिढ्यान्‌पिढ्या पाठ करतात. कोडचेही तसेच आहे. आज लिहिलेली ओळ उद्या दुसऱ्याला वाचावी लागते, मोडली तर दुरुस्त करावी लागते, जन्मभर सांभाळावी लागते. डाइक्स्ट्रा नावाच्या डच पंडिताने १९८८ साली आपल्या टिपणात हाच मुद्दा जमाखर्चाच्या भाषेत मांडला: या ओळी आपण जमेच्या बाजूला धरतो, त्या वस्तुतः खर्चाच्या बाजूला मांडावयास हव्यात.

"म्हणजे कमी लिहील तो शहाणा का?" नव्हे. उद्या 'उणे' आकड्याला बक्षीस ठेवा. लोक आज फाफटपसारा लिहितील आणि उद्या पुसतील! अ‍ॅटकिन्सनने ओळी कमी करावयाच्या म्हणून केल्या नाहीत. समज वाढली, म्हणून ओळी गळाल्या. फळ पिकले की देठ आपोआप सुटतो. देठ तोडल्याने फळ पिकत नाही. आकडा हे फार तर चिन्ह आहे. चिन्हालाच साध्य मानले की साध्य हातचे जाते.

हा झाला कामाचा विचार. आता माणसाच्या वाढीचा. डोनाल्ड कनूथ हे तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या ग्रंथमालेचा तिसरा खंड १९७३ साली निघाला. पुढे १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, ती त्यांना इतकी कुरूप वाटली की, ग्रंथ बाजूला ठेवून ते पाने जुळविणारा 'टेक' नावाचा प्रोग्रॅम लिहावयास बसले. लवकर उरकेल असे वाटलेले काम सुमारे दहा वर्षे चालले. चौथ्या खंडाचा पहिला भाग ग्रंथरूपाने आला तो २०११ साली! आकड्याने मोजणारा म्हणेल, "एवढी वर्षे काय केलं या माणसानं?" पण आज जगभर गणिताचे लेखन त्या 'टेक'च्या आधाराने छापले जाते.

माझे लक्ष मात्र त्यांच्या एका वहीकडे जाते. १९७८ सालापासून त्यांनी 'टेक'मधील स्वतःच्या चुका टिपून ठेवल्या, आणि १९८९ साली ती आठशेहून अधिक नोंदींची यादी छापून प्रसिद्ध केली. नोंदींचे पंधरा वर्ग पाडले: ही विसरभोळेपणाची, ही रीतच चुकल्याची, ही केवळ हात चुकल्याची, ही चूक नव्हे तर सुधारणा. ग्रंथातील चूक दाखविणाऱ्यास ते २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देत आले. चूक लपविण्याची वस्तू न राहता शिकण्याची झाली. खांब रोवताना तो पुन्हा पुन्हा हलवून पाहावा आणि अधिक खोल ठोकावा, याला शास्त्रात स्थूणानिखनन न्याय म्हणतात. तो न्याय येथे माणसाने स्वतःलाच लावलेला दिसतो.

यावर कोणी म्हणेल, "महाराज, ते प्राध्यापक. १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ई-मेलसुद्धा सोडून दिला. हिंजवडीतल्या नोकरदार पोराला ही चैन कुठली? त्याला तासातासाचा हिशेब द्यावा लागतो." खरे आहे. मालकाचा कागद त्याने अवश्य भरावा; त्यावर घर चालते. पण त्या कागदावरून स्वतःची किंमत ठरवू नये. मालकाची वही वेगळी, आपली वही वेगळी.

हा भेद आजच करणे अगत्याचे झाले आहे. अलीकडच्या काही वर्षांत अशी यंत्रे निघाली आहेत की, साध्या भाषेत सांगितले तर ती क्षणात शेकडो ओळी लिहून देतात. ओळींचे मोल तर संपलेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, दोन प्रश्नांची फारकत उघडी पडली. यंत्राने दिलेले न समजता पुढे ढकलले तर काम होते, माणूस मात्र होता तेथेच राहतो. तेच वाचून, तपासून, "हे असंच का?" असे विचारून घेतले तर काम होते आणि माणूसही वाढतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांचा आकडा सारखाच दिसतो. फरक कोणाला ठाऊक? ज्याचा त्याला.

म्हणून तरुणांना एवढेच सांगणे की, एक साधी वही ठेवा. आठवड्यातून एकदा तीत तीन गोष्टी लिहा. पूर्वी न समजलेले काय समजले? कोणती चूक झाली आणि ती कोणत्या जातीची? आपल्या कामाने पुढच्या माणसाचे ओझे वाढले की उतरले? एखाद्या आठवड्यात तिन्ही जागा कोऱ्या राहतील. राहू द्याव्यात, खोटे भरू नये, कारण ही वही कोणी तपासणार नाही. वर्षाने ती स्वतःच उघडून पाहावी. त्याच त्या जातीची चूक पानोपानी दिसली तर पुढच्या वर्षी काय शिकावयाचे, ते दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.