हे तुम्हाला कुणी सांगितलं?

एक वाक्य निवडा. लहानपणापासून कानावर असलेलं, कुणा थोराच्या नावानं चालत आलेलं, तुम्हीही कधीतरी दुसऱ्याला ऐकवलेलं. सापडलं की मनात एकदा म्हणा आणि ठेवून द्या. ते चांगलं आहे का, पटतं का, हे आत्ता विचारायचं नाही. त्याला नंतर वेळ आहे.

मीही माझं निवडतो. शहापुरात राहणाऱ्याला माहुली चुकत नाही. आसनगावला गाडीतून उतरलं की सुळके समोर उभे. 1636 मध्ये शहाजीराजे या गडावर वेढ्यात सापडले, ही इतिहासातली नोंद. आमच्या घरात तिच्यापुढे एक वाक्य जोडलेलं आहे: त्या वेढ्यात आपला एक पूर्वज गडावर होता. हे मी शाळेत सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, पोरांना तर कितीदा.

आता पहिला प्रश्न, आणि तो सावकाश घ्या. हे तुम्हाला कुणी सांगितलं?

चेहरा आठवा. जागा आठवा. तुमचं वय तेव्हा काय होतं? सांगणाऱ्यानं स्वतः ऐकलेलं सांगितलं, की नुसतं ‘असं म्हणतात’ म्हणून? चेहरा येत नसेल तर येत नाही म्हणा. ओढूनताणून आणू नका. हा प्रश्न विचारणाऱ्या शास्त्रात ‘आठवत नाही’ हे उत्तर लाजेचं नसतं, पण लपवलेलं उत्तर खपत नाही.

ते शास्त्र हदीसचं. प्रेषित मुहंमदांचं वचन किंवा त्यांच्या वागण्याची हकिकत म्हणजे हदीस. तिचे दोन भाग असतात. वचन ते मतन, आणि त्याच्या आधी येते ती नावांची ओळ: मी याच्याकडून ऐकलं, त्यानं त्याच्याकडून. या ओळीला सनद किंवा इस्नाद म्हणतात. शब्द परका वाटला का? वकिलाला मिळते तीही सनदच. मूळ अरबीत सनद म्हणजे ज्याला टेकायचं ते, टेकू. हदीस खरी ठरली तर ती सहीह, आणि कागदाखाली आपण करतो ती सही त्याच शब्दाची. कच्ची ठरली तर जईफ. जईफ म्हातारा म्हणतो ना आपण, तोच हा जईफ. शास्त्र दूरचं असेल, त्याचे शब्द मात्र शतकानुशतकं आपल्या कचेऱ्यांत आणि ओसरीवर नांदताहेत.

एक सनद हळूहळू चढून पाहू. इमाम बुखारी (810–870) यांच्या प्रसिद्ध संग्रहातली पहिलीच हदीस. कर्माची किंमत हेतूवर ठरते, असा तिचा आशय. बुखारींना ती हुमैदींनी सांगितली. थांबा. हुमैदी मक्केचे, बुखारी त्यांना भेटले होते का? होते. हुमैदींना सुफियान बिन उयैना यांनी. त्यांना मदिनेच्या याह्या बिन सईद अन्सारींनी. त्यांना मुहंमद बिन इब्राहीम तैमींनी. त्यांना अल्कमा बिन वक्कास लैसींनी. अल्कमांनी ती खलिफा उमर यांना मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनपीठावरून, सांगताना ऐकली, आणि उमर यांनी प्रेषितांकडून.

नावं पुन्हा वाचा, या वेळी उलटी, उमर यांच्यापासून खाली. काही जाणवतं? याह्यांपर्यंत प्रत्येक पायरीवर एकच माणूस आहे. याह्यांनंतर मात्र ऐकणारे पुष्कळ, फांद्या फुटाव्यात तसे. सबंध मुस्लिम जगात दुमदुमणारं हे वचन सुरुवातीला एकेका माणसाच्या आठवणीवरून पलीकडे आलेलं आहे. ओढ्यावर टाकलेल्या एकाच ओंडक्यावरून यावं तसं. म्हणून तो ओंडका किती तपासला गेला असेल, याची कल्पना करा.

तपासायचं काय? सनद सलग हवी. प्रत्येक सांगणारा, म्हणजे रावी, सचोटीचा हवा आणि स्मरणाचा पक्का हवा. त्याचं सांगणं त्याच्याहून भरवशाच्या लोकांच्या सांगण्याला छेद देणारं नको. आणि आत दडलेला दोष नको. मला यातल्या एका जोडीपाशी रेंगाळावंसं वाटतं: सचोटी आणि स्मरण. आपण या दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो. माणूस चांगला, म्हणजे त्याचं सांगणं बरोबर. हदीसच्या पारखींनी हे गाठोडं सोडलं. इब्न लहीआ हे इजिप्तचे काझी, 790 मध्ये वारले. त्यांची पुस्तकं आगीत जळाली आणि त्यानंतर त्यांच्या सांगण्यात घोळ होऊ लागले, असं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. मग पारखींनी काय केलं? त्यांना खोटारडं ठरवलं नाही. त्यांच्याकडून कोणी केव्हा ऐकलं, ते पाहिलं. आधी ऐकलेल्यांचं वजन वेगळं, नंतर ऐकलेल्यांचं वेगळं. माणसाचा मान ठेवून त्याच्या आठवणीला जईफ म्हणता येतं.

इथे क्षणभर थांबा. तुमच्या वाक्याच्या सांगणाऱ्याला असंच समोर बसवा. त्याच्यावर तुमचं प्रेम आहे, हे ठाऊक आहे. त्याची आठवण कशी होती?

माझ्या वाक्याची सांगणारी माझी आजी. तिला तिच्या सासूनं सांगितलं. सासूचा जन्म फार तर 1890 च्या आसपासचा. तिच्यामागे एकही नाव नाही. म्हणजे वेढ्यापासून तिच्या जन्मापर्यंतची अडीचशे वर्षं कोरी, आणि मी मात्र गडावरची तोफ जणू काल ऐकल्यासारखं सांगत आलो. हदीसचे पारखी जन्ममृत्यूच्या तारखांवर इतका जीव का टाकत, ते मला या हिशेबानं उमगलं. एखादा म्हणे, मी अमक्याकडून ऐकलं. पारखी विचारत, तो वारला तेव्हा तू कितीचा होतास? तारखांनी कितीतरी खोटे उघडे पडले. यातूनच रावींच्या चरित्रांचे कोश उभे राहिले. हजारो माणसं केवळ ‘यानं सांगितलेलं घ्यावं का’ एवढ्या प्रश्नासाठी नोंदली गेली.

शब्दांवरही लक्ष असे. ‘त्यांनी आम्हाला सांगितलं’ आणि ‘त्यांच्याकडून’ यांत फरक. दुसऱ्या शब्दात फट आहे. मधला एखादा कच्चा माणूस गाळून थोराचं नाव पुढे करता येतं. या लबाडीला तदलीस म्हणतात. आपल्याकडे तिचं बारसं झालेलं नाही, पण ती नांदते जोरात.

नावांची अशी ओळ तपासणं हेच माझंही काम. माझं पोट मुरबाड आणि शहापूरच्या जमिनींच्या कागदांवर चाललं. वकिलाच्या हाताखाली सर्च घ्यायचा, तीस वर्षांचे फेरफार मागे मागे वाचत जायचं. हा खातेदार सातबाऱ्यावर कसा आला? खरेदीनं. कुणाकडून? त्याच्याकडे कशी आली? वारसानं. वारस नोंद कुठे? नोटीस निघाली होती का? मधला एक फेरफार मिळत नसेल तर पुढचे दहा कितीही स्वच्छ असोत, वकील पेन खाली ठेवायचे. आजोबांनी घेतलेलीच आहे हो, सगळं गाव सांगेल, असं समोरचा कळवळून म्हणायचा. गावाचं म्हणणं खरंही असे. पण अहवालात गाव लिहिता येत नाही.

समृद्धी महामार्ग आल्यावर इथल्या जमिनीला भाव आला आणि असे कागद फार पाहिले. सगळ्यात फसवा कुठला? सगळं सलग असलेला. नावं खरी, नोंदी प्रमाणित, एकही खंड नाही. आणि खूप मागे, एका जुन्या फेरफारात, जमीन आदिवासी खातेदाराची असल्याचं दिसतं. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे हे तालुके. 1974 पासून अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि परवानगीचा कागद तर कुठेच नाही. वरून निर्दोष आणि आतून किडलेलं. हदीसशास्त्रात अशा दोषाला इल्ला म्हणतात. बगदादचे दारकुत्नी (918–995) यांचा या दोषांवर मोठा ग्रंथच आहे. तो दोष एक सनद पाहून दिसत नाही. त्याच हदीसच्या साऱ्या सनदा शेजारी मांडाव्या लागतात.

आता अवघड वळण. तुम्ही निवडलेलं वाक्य सुंदर असेल. म्हणूनच ते टिकलं असेल. देशप्रेम हा श्रद्धेचाच भाग, अशा आशयाचं एक वचन आपल्याकडे 15 ऑगस्टच्या भाषणांत हदीस म्हणून येतं. लाहोरात जन्मलेले आणि 1252 मध्ये बगदादला वारलेले सगानी यांनी ते बनावट वचनांत घातलं. देशप्रेम वाईट, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. विचार तुमचा असेल तर तुमच्या नावानं सांगा, प्रेषितांच्या तोंडी घालू नका, एवढंच. मला हा निवाडा फार आवडतो. वाक्य चांगलं आहे, पण ते त्यांचं नाही. ही दोन विधानं एका श्वासात म्हणून पाहा. जड जातं.

अशी ओळ फक्त हदीसचीच नसते. मुरबाड तालुक्यात देहरीच्या वर गोरखगड आणि मच्छिंद्रगड शेजारी उभे आहेत, शिष्य आणि गुरू. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव आपली परंपरा सांगतात, तीत आदिनाथांनंतर हीच दोन नावं येतात आणि पुढे गहिनीनाथ, निवृत्तिनाथ. सांगणाऱ्यांची ओळ आपल्यालाही ठाऊक आहे तर. पण आपण त्या ओळीला हात जोडतो. तिची उलटतपासणी घ्यायचं मनातही येत नाही. इस्नादवाले हातही जोडतात आणि तारीखही विचारतात. दोन्हींचं काम वेगळं आहे, आणि मला दोन्ही हवीत.

साऱ्या सनदा शेजारी मांडण्याचं मघाशी म्हटलं. दमास्कसचे मिज्जी (1256–1341) यांनी ते केलं. सहा प्रमुख संग्रहांतल्या हदीस घेतल्या, प्रत्येकीचा फक्त आरंभ लिहिला आणि पुढे तिच्या सनदा मांडल्या. सव्वीस वर्षं लागली. ‘तुहफतुल अशराफ’ हा तो ग्रंथ. तो संपादून 1965 पासून खंडाखंडानं छापला अब्दुस्समद शरफुद्दीन यांनी, आणि कुठे? आमच्या शेजारच्या भिवंडीत. यंत्रमागांच्या खडखडाटातल्या या गावाचं नाव अरबी मुखपृष्ठावर आहे. 1983 मध्ये बैरूतला त्याची दुसरी आवृत्ती निघाली. शहापूरहून एसटीनं भिवंडीला कितीदा गेलो असेन, पण हा ग्रंथ तिथे छापला गेला हे मला पन्नाशीनंतर कळलं. कुणी सांगितलं नव्हतं.

तुमचं वाक्य अजून जवळ आहे ना? टाकून देऊ नका. माझं मी टाकलेलं नाही. फक्त परवा नातवाला सांगताना पुढे जोडलं: असं आजी सांगायची, तिला तिच्या सासूनं सांगितलं, त्याच्या मागचं मला माहीत नाही. त्यानं विचारलं, मग आजीच्या सासूला कुणी सांगितलं? आजीला मी हे कधी विचारलंच नव्हतं. तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते हयात असतील तर आज त्यांना फोन लावा.