कार्य समोर, कारण पडद्याआड

एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस डेटाबेसचा डॉकर कंटेनर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू असतो. ज्याने तो सुरू केला तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. ज्या लांबलचक कमांडने तो सुरू केला, ती कुठे लिहिलेली नसते. टर्मिनलचा इतिहासही कामी येत नाही, कारण बॅश शेल मूळ मांडणीत शेवटच्या 500 कमांडच जपून ठेवतं. रोजच्या कामात हे कुणाला जाणवत नाही. मग एक दिवस सर्व्हर बदलायचं ठरतं, नाहीतर पोर्ट बदलायची वेळ येते, आणि काम अडतं. चालू कंटेनरचा बाहेर उघडलेला पोर्ट किंवा त्याला दिलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जागच्या जागी बदलता येत नाहीत. कंटेनर काढून नव्याने उभा करावा लागतो, आणि त्यासाठी ती हरवलेली कमांड लागते.

कार्य डोळ्यांसमोर आहे, कारण दिसत नाही. कार्यावरून मागे जाऊन कारण गाठता येतं का, आणि गाठलं तर हाती येतं ते नेमकं काय, या प्रश्नावर भारतीय दार्शनिकांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. जगाकडे पाहून जगाच्या कर्त्यापर्यंत पोचता येईल का, हा ईश्वराविषयीचा वाद म्हणजे याच प्रश्नाचं सर्वांत मोठं रूप. सर्व्हरवरचा प्रश्न त्या मानाने अगदी लहान आहे. पण इथे काढलेलं अनुमान बरोबर की चूक, हे त्याच दिवशी कळू शकतं. म्हणून तो जुना वाद तपासून पाहायला ही जागा चांगली आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘शेषवत्’ म्हणजे कार्यावरून कारणाचं अनुमान. वात्स्यायनाने भाष्यात त्याचं उदाहरण नदीचं दिलं: पात्र दुथडी भरलेलं आणि प्रवाहाला ओढ दिसली, तर वरच्या अंगाला पाऊस झाला असं समजावं. पुढे दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो की पाणी खाली कुठे अडलं तरीही नदी फुगते, मग पावसाचं अनुमान पक्कं कसं? नैयायिकांचं उत्तर असं, की नुसतं पाणी वाढलेलं पाहून कुणी पाऊस म्हणत नाही. वेग, फेस, वाहून आलेली फळं, पानं, लाकडं हे सगळं मिळून पुराची जी खूण होते, ती अडलेल्या पाण्यात सापडत नाही. अनुमान चुकलं तर दोष अनुमान करणाऱ्याचा असतो. त्याने खूण अर्धवट पाहिलेली असते.

कंटेनरच्या बाबतीत ही खूण विलक्षण भरघोस मिळते. ‘डॉकर इन्स्पेक्ट’ ही कमांड दिली की शेकडो ओळींचं जेसन समोर येतं. कोणती इमेज, कोणते पोर्ट, होस्टवरचा कोणता फोल्डर आत कुठे जोडला, कंटेनर पडला तर आपोआप उठवायचा का, मेमरीची मर्यादा किती, आतला मुख्य प्रोग्राम कोणता, हे सगळं त्यात असतं. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत ही माहिती डिस्कवर प्रत्येक कंटेनरच्या आयडीच्या नावाने असलेल्या फोल्डरमध्ये दोन फाइलींत साठवलेली असते. ‘रनलाइक’ नावाचं एक छोटं साधन हेच जेसन वाचून ‘डॉकर रन’ची तयार कमांड छापून देतं. बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

पण ते साधन छापतं ती मूळ कमांड नसते. मूळ कमांड डॉकरच्या इंजिनापर्यंत कधी पोचलेलीच नसते. आधी शेल त्यातली व्हेरिएबल सोडवतं. ‘आत्ताचा फोल्डर’ असं लिहिलं असेल तर त्या जागी पूर्ण पत्ता येतो. मग डॉकरचा क्लायंट फ्लॅग वाचतो, व्हेरिएबलची वेगळी फाइल दिली असेल तर ती उघडून त्यातल्या किमती घेतो, आणि या सगळ्याची एक विनंती करून इंजिनाकडे पाठवतो. फ्लॅगचा क्रम, संक्षिप्त रूप वापरलं की पूर्ण, किमती फाइलमधून आल्या की हाताने टाइप केल्या, यातलं काहीच पलीकडे जात नाही.

याची हळहळ करावी का? नव्यन्यायाने यासाठी ‘अन्यथासिद्ध’ ही कोटी केली. घट तयार होण्यापूर्वी तिथे बरंच काही हजर असतं. कुंभाराच्या हातातल्या काठीचा रंग असतो, कुंभाराचा बाप झालेला असतो, माती वाहून आणणारं गाढवही असतं. विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त अशा पाच प्रकारच्या गोष्टी कारणांच्या यादीतून वगळल्या आहेत. त्या कार्याच्या आधी होत्या, पण त्यांच्यावाचून कार्य अडलं नसतं. फ्लॅगचा क्रम आणि व्हेरिएबलच्या फाइलचं नाव याच वर्गात बसतात. ते हरवले तरी चालतं. शब्दशः तीच कमांड मिळाली नाही, तरी तेच कार्य घडवणारी कमांड मिळाली की काम होतं, इथपर्यंत नैयायिकाचा विश्वास सार्थ ठरतो.

खरी अडचण पुढे आहे. इन्स्पेक्टमध्ये व्हेरिएबलची जी यादी दिसते, तीत दोन कर्त्यांची कामं एकमेकांत मिसळलेली असतात: इमेज बनवणाऱ्याने आधीच ठरवलेल्या किमती आणि कंटेनर सुरू करणाऱ्याने दिलेल्या किमती. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये आवृत्तीचा आकडा, डेटा ठेवायची जागा आणि प्रोग्राम शोधायचे मार्ग इमेजमधूनच येतात. पासवर्ड सुरू करणारा देतो. यादीत मात्र सगळे एका रांगेत उभे असतात, कोण कुणाचं ते लिहिलेलं नसतं.

समजा, कुणी ती यादी जशीच्या तशी उचलून नव्या कमांडमध्ये टाकली. इमेज तीच राहिली तर बिघाड होत नाही. पण पुढे 16 च्या जागी 17 ची इमेज आणली, की प्रोग्राम शोधायचा जुना मार्ग नव्या इमेजच्या मार्गावर चढून बसतो. 16 च्या फोल्डरमध्ये प्रोग्राम शोधला जातो, तो फोल्डर नव्या इमेजमध्ये नसतो, आणि डेटाबेस सुरूच होत नाही. जे कुणी मागितलं नव्हतं ते सुरू करणाऱ्याच्या तोंडी घातल्याचा हा परिणाम.

उपाय सरळ वाटतो: इमेजचंही इन्स्पेक्ट करावं आणि दोन याद्यांची वजाबाकी करावी. जे उरेल ते माणसाने दिलेलं. पण त्या माणसाने इमेजमध्ये होती तीच किंमत मुद्दाम लिहिली असेल तर? वजाबाकीत ती नाहीशी होते. डेटाची जागा न लिहिणारा बेफिकीर असू शकतो. तीच जागा पुन्हा लिहून ठेवणारा सावध असतो, कारण उद्या इमेजने जागा बदलली तरी आपला डेटा हलू नये अशी त्याची इच्छा असते. दोघांचे कंटेनर आज तंतोतंत सारखे दिसतात. पोस्टग्रेस 18 च्या अधिकृत इमेजने ही जागा खरोखरच बदलली, आणि तिथे या दोन कमांडची वाट वेगळी होते. आज ज्यांचं कार्य एक, त्यांचं उद्याचं कार्य एक असेलच असं नाही. कार्यावरून कारण कळतं, त्यामागचा हेतू कळेलच याची खात्री नाही.

दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी जी प्रमाणं मांडली, त्यांतलं पहिलं हेच होतं: जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता असला पाहिजे. त्यावरचा एक फार धारदार आक्षेप एका परमभक्ताच्या ग्रंथात सापडतो. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या सूत्रावर लिहिताना हा युक्तिवाद उलगडून पाहिला. पृथ्वी, समुद्र, पर्वत ही कार्यं आहेत असं मानलं, तरी ती सगळी एकाच वेळी आणि एकाच कर्त्याने केली हे कशावरून? वेगवेगळी कार्यं वेगवेगळ्या काळी वेगवेगळे कर्ते करताना आपण पाहतोच. अनुमान ‘कुणीतरी केलं’ इथवर नेतं, ‘एकानेच केलं’ हे त्यातून निघत नाही. रामानुजांना ईश्वर नाकारायचा नव्हता. अनुमानाची पोच किती, हे त्यांना दाखवायचं होतं, आणि त्या पोचेपलीकडे त्यांनी शास्त्रवचन हेच प्रमाण मानलं.

चालत्या कंटेनरकडे पाहताना नेमकी हीच चूक होते. समोरची सगळी स्थिती एका माणसाच्या एका कमांडमधून आली, असं पाहणारा धरून चालतो. प्रत्यक्षात मेमरीची मर्यादा आणि पुन्हा सुरू होण्याचा नियम चालू कंटेनरवर ‘डॉकर अपडेट’ने बदलता येतो, आणि इन्स्पेक्टमध्ये नंतर बदललेली किंमतच दिसते. मागाहून दुसरं नेटवर्क जोडता येतं. कुणी आत शिरून एखादी फाइल बदललेली असते. ती इन्स्पेक्टमध्ये दिसत नाही, ‘डॉकर डिफ’ केलं तर दिसते. पासवर्डचं तर आणखी वेगळं आहे. पोस्टग्रेसची इमेज तो व्हेरिएबल डेटाचा फोल्डर रिकामा असताना, म्हणजे पहिल्या वेळी, वापरते. नंतर कुणी डेटाबेसच्या आत पासवर्ड बदलला, तरी इन्स्पेक्ट जुनाच दाखवत राहतं. त्या यादीत आजचं, कालचं आणि आता काहीच घडवू न शकणारं, असं सगळं शेजारी शेजारी नांदतं.

आणि समजा, मूळ कमांड अक्षरशः सापडली. तरी धोका संपत नाही. तीत डेटासाठी व्हॉल्यूम दिलेलं नसेल, तर डॉकरने इमेजच्या सूचनेप्रमाणे एक निनावी व्हॉल्यूम तयार केलेलं असतं आणि सगळा डेटा त्यात साठलेला असतो. तीच कमांड पुन्हा चालवली की नवं, रिकामं व्हॉल्यूम मिळतं. कमांड शंभर टक्के खरी, आणि डेटाबेस कोरा. इथे काम करणाऱ्याला ठरवावं लागतं की आपल्याला आरंभ पुन्हा घडवायचा आहे की आज जे उभं आहे ते पुन्हा उभं करायचं आहे. दुसरं हवं असेल, तर मूळ कमांडमध्ये कधीच नसलेलं त्या व्हॉल्यूमचं नाव तीत घालावं लागतं. इन्स्पेक्ट ते नाव दाखवतं, पण ते घ्यायचं की नाही याचा निर्णय माणसाचा असतो.

अनुमानाच्या बरोबरीने नैयायिकांनी ‘शब्द’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं, ते अशाच जागांसाठी. आप्ताचा, म्हणजे वस्तुस्थिती जाणणाऱ्या आणि ती जशी आहे तशी सांगू इच्छिणाऱ्या माणसाचा उपदेश म्हणजे शब्द. वात्स्यायनाने तर असा आप्त कुठल्याही जनसमूहातला असू शकतो असं स्पष्ट म्हटलं आहे, त्याने ऋषीच असलं पाहिजे अशी अट घातली नाही. डॉकर कंपोजची फाइल हा या अर्थाने आप्ताचा शब्द आहे. इमेज, पोर्ट, व्हॉल्यूम हे सगळं त्यात सुरू करणाऱ्यानेच लिहिलेलं असतं, आणि एखादी ओळ का लिहिली हे सांगायला शेजारी टिपणीची जागा असते. इन्स्पेक्टमधून कधीही निघणार नाही ते ‘का’ तिथे मावतं.

मात्र शब्दही तपासावा लागतो. फाइल नंतर बदललेली असू शकते आणि कंटेनर जुन्याच मजकुरावर चालत असू शकतो. म्हणूनच कंपोज प्रत्येक कंटेनरवर फाइलचा पत्ता आणि त्या वेळच्या मांडणीचा हॅश लेबल म्हणून लावून ठेवतं. मजकूर आणि हॅश जुळले नाहीत, की पुढच्या वेळी ते कंटेनर नव्याने घडवतं.

ज्ञान खरं की खोटं हे त्यावर विसंबून केलेली कृती सफल होते की नाही यावरून ठरतं, असं वात्स्यायन भाष्याच्या आरंभीच सांगतो. हरवलेली कमांड शोधणाऱ्यालाही शेवटी तेच करावं लागतं. आधी डेटाचा बॅकअप घ्यायचा. त्याच्या प्रतीवर, वेगळ्या पोर्टवर, नव्या कमांडने दुसरा कंटेनर उभा करायचा. मग दोन्हींचं इन्स्पेक्ट समोरासमोर ठेवून एकेक फरक तपासायचा. जो फरक समजत नाही, तो ठरवून केला होता की नकळत झाला, हे जुन्या माणसाला फोन करून विचारायचं. त्याने दिलेलं उत्तर त्या ओळीच्या वर, टिपणी म्हणून, तारखेसह लिहायचं, आणि मगच जुना कंटेनर थांबवायचा.