इशारा ऐकणे हाही विश्वासच



16 मे 2021 हा प्रभूच्या स्वर्गारोहणाचा रविवार होता. त्याच दिवशी तौक्ते चक्रीवादळ आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. करोनाच्या निर्बंधांमुळे त्या रविवारी आपल्याला मिस्साबलिदानासाठी एकत्र जमता आले नव्हते. दारे-खिडक्या लावून आपण घरोघरी वाऱ्याचा आवाज ऐकत होतो. माड-पोफळी मोडून पडल्या, कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरून ठेवलेल्या नौका बुडाल्या आणि खलाशांचे प्राण गेले.

हे वादळ अचानक आले नव्हते. हवामान खात्याने काही दिवस आधीच इशारा दिला होता. बंदरांवर बावटे चढले होते, मच्छीमारांना परत बोलावले जात होते. तेव्हा प्रश्न उरतो तो आपला. इशारा कानावर पडतो त्या घटकेपासून वारा सुटेपर्यंत आपण काय करतो?

आपल्या किनाऱ्यावर चार प्रकारची माणसे दिसतात. काहीजण लगेच होडी वर ओढतात, जाळी घरात आणतात, कौलांवर वजन ठेवतात. काहीजण हसून म्हणतात, "काय होवचा नाय." काहीजण मोबाईल घेऊन उधाणाच्या लाटा बघायला किनाऱ्यावर जातात. आणि काहीजण हात जोडून म्हणतात, "देव आहे ना, तो राखील." प्रसंगानुसार आपण प्रत्येकजण ह्या चारांपैकी कोणीतरी असतो.

"काय होवचा नाय" असे म्हणणाऱ्याला आपण बेफिकीर म्हणून मोकळे होतो. पण त्याच्या बोलण्यामागे पुष्कळदा काळजीच असते. 1 जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते. मे महिन्यातली प्रत्येक फेरी म्हणजे पुढल्या दोन महिन्यांची चूल असते. डिझेलची उधारी आणि बँकेचा हप्ता वादळासाठी थांबत नाही. अशा वेळी समोरचा समुद्र शांत दिसला, तर माणूस बावट्याकडे पाठ फिरवतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात नेमके हेच घडले आहे. संत पौल कैदी म्हणून रोमला चालला होता. प्रवासाचा हंगाम संपत आला होता. पुढे गेलो तर जहाजाचे आणि जिवांचेही नुकसान होईल, असे त्याने बजावले. पण शताधिपतीने तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकले. त्यातच दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि सर्वांना वाटले, आता आपले काम झाले. थोड्याच वेळात वादळाने जहाज गाठले. चौदा दिवस ते समुद्रावर भरकटत राहिले. मंद वारा खोटा नव्हता, पण तो पुढच्या घटकेविषयी काही सांगत नव्हता. आपल्या अंगणातून समुद्र शांत दिसतो म्हणून इशारा खोटा ठरत नाही, हे ध्यानात ठेवू या.

दुसरी अडचण विश्वासाची आहे. "मागच्या वेळीही सांगितले होते, काही झाले नाही," असे आपण म्हणतो. जून 2019 मध्ये 'वायू' चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर येणार म्हणून लाखो लोकांना हलवण्यात आले आणि वादळाने वाट बदलली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'क्यार' वादळाचा केंद्रभाग दूर समुद्रातच राहिला. तरी उधाणाने आपल्या किनाऱ्याचे नुकसान केलेच. कर्लीची खाडी आणि समुद्र ह्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागला उधाण म्हणजे काय, हे कोणी सांगायला नको.

इशारा दिला आणि संकट टळले, म्हणून रागावणारा एक संदेष्टाही बायबलमध्ये आहे. योनाने निनवेला नाशाची सूचना दिली. लोकांनी ती मनावर घेतली, ते पश्चात्तापाने देवाकडे वळले आणि नगर वाचले. योना मात्र रुसून बसला. देवाने त्याला समजावले की आपल्याला त्या माणसांची कीव येते. वादळ आले नाही तर वाया काय गेले? एका दिवसाची मजुरी गेली, होडी ओढण्याचे कष्ट झाले. घरची माणसे मात्र घरीच राहिली. अशा वेळी हवामान खात्याला नावे ठेवण्याऐवजी देवाचे आभार मानावेत.

आता "देव राखील" ह्या शब्दांविषयी. देव राखतो, हा आपला विश्वास आहेच. पण मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, दूत तुला झेलतील, असे सैतानाने सुचवले तेव्हा प्रभू येशूने नकार दिला. देवाची परीक्षा पाहायची नसते. येशूने सरोवरातले वादळ शांत केले, ते संकटात सापडलेल्या शिष्यांसाठी. बावटा चढलेला असताना होडी लोटणे म्हणजे शिखरावरून उडी घेण्यासारखेच आहे. वाऱ्याचा अभ्यास करणारी बुद्धी देवानेच दिली आहे. मग त्या बुद्धीने दिलेली सूचना आपण परकी का मानावी?

इशारा सर्वांपर्यंत सारखा पोचत नाही, हेही विसरू नये. नोव्हेंबर 2017 च्या अखेरीस 'ओखी' वादळ उठले, तेव्हा केरळ आणि कन्याकुमारीचे अनेक मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते. त्यांना वेळेवर निरोप मिळाला नाही. शेकडो घरांतली माणसे परतली नाहीत. त्यांत आपल्याच श्रद्धेची कितीतरी कुटुंबे होती. त्याच वादळातून 68 नौका आणि 952 मच्छीमार आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागले. आपल्या बंदराने त्यांना आसरा दिला.

आजही नौकेवर थांबायचे की उतरायचे, हे खलाशी ठरवत नाही, मालक ठरवतो. काही खलाशी नेपाळमधून किंवा परप्रांतातून आलेले असतात. त्यांना मराठी सूचना वाचता येत नाही. वाडीतल्या एकट्या म्हाताऱ्या आजीकडे मोबाईल नसतो. त्यांच्यापर्यंत इशारा पोचवायचा तर आपणच चालत जायला हवे. नौकेचे मालक असलेल्या आपल्या बांधवांना नम्र विनंती की नौका वाचवण्यासाठी माणसाला तिच्यावर ठेवू नका. पौलाचे जहाज फुटले, पण त्यावरचे सर्व 276 जीव वाचले. देवाने जहाजाचे नव्हे, माणसांचे अभय दिले होते.

म्हणून पुढच्या वेळी बावटा चढला की आपल्या वाडीतल्या प्रत्येक कुटुंबाने शेजारच्या दोन घरांची दारे ठोठवावीत. आजारी, गरोदर आणि वृद्ध माणसांना आधी पक्क्या घरात न्यावे. मुलांना लाटा बघायला पाठवू नये. आणि ज्याने ऐकले नाही, त्यालाही वादळानंतर टोमणा मारू नये. पौलाने आपले न ऐकणाऱ्यांना धीर दिला आणि त्यांच्यासमोर भाकर मोडून त्यांना खायला लावले.

स्वर्गारोहणाच्या वेळी शिष्य आकाशाकडे बघत उभे राहिले, तेव्हा असे का उभे आहात, असे त्यांना विचारण्यात आले. तोच प्रश्न आपल्यालाही आहे. आकाशाकडे बघून झाले की शेजाऱ्याच्या दाराकडे निघावे.

हे प्रभो, समुद्रावर असलेल्या आमच्या सर्व बांधवांना सुखरूप घरी आण. सूचना ऐकण्याची नम्रता आणि ती दुसऱ्यापर्यंत नेण्याची तत्परता आम्हांला दे. पवित्र मरिये, सागराच्या तारके, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.