कान तुटलेला कप

पुण्याला थोरल्याकडं जायचं झालं की मी बुधवार नाहीतर रविवार साधून जातो. मंगळवार पेठेतला जुना बाजार या दोन दिवशी भरतो, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. सकाळची न्याहारी उरकून पिशवी घेतली की सूनबाई विचारते, "बाबा, आज काय आणणार?" मी म्हणतो, "घावंल ते." ती हसते, कारण गावाकडच्या कपाटात आता जागा राहिलेली नाही हे तिला माहीत आहे.

बाजारात रस्त्याच्या कडेनं प्लास्टिकचे कागद अंथरलेले असतात. त्यावर नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, अडकित्ते, रेडिओ, कंदील असं काय काय मांडलेलं असतं. मला मात्र चिनी मातीचं वेड. बरणी दिसली की मी उकिडवा बसतो आणि बोटाच्या पेरानं तिच्यावर टिचकी मारतो. टण् असा आवाज आला तर बरणी धड. थप्प आला तर कुठंतरी बारीक तडा आहे, मग ती नुसती शोभेची. धड बरणी घरी आणली की रात्रभर पाणी भरून खाली कागद ठेवायचा. सकाळी कागद कोरडा असला तर तिच्यात लोणचं घालायला हरकत नाही.

हे मला आज्जीनं शिकवलं. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट कळकतं. चिनी मातीवर काचेसारखी झिलई असते, तिला मीठ आणि आंबट काही करत नाही. वरचा भाग तपकिरी आणि खालचा पांढुरका, अशा आज्जीच्या तीन बरण्या होत्या. त्यांच्या तोंडाला दादरा बांधलेला असायचा आणि तो सोडायचा अधिकार फक्त तिचा. आज त्यातली एक राहिली आहे. माझी सगळी हौस त्या एका बरणीतून सुरू झाली.

लग्नकार्याला, घरभरणीला मी जुनीच वस्तू भेट देतो. सुरवातीला बहिणीनं मला झाडलं होतं. "वापरलेलं काय देतोस रे, नवं घ्यायला पैसे न्हाईत व्हय?" पण तिच्याच मुलीला मी दिलेली बरणी आता तिच्या हॉलमध्ये आहे आणि येणारा-जाणारा विचारतो. पुण्यात केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, टाच घासायच्या वज्री असल्या रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. ते बघून आल्यावर मला वाटलं होतं, आपण करतोय ते काही येड्याचं काम नाही. वापरून जुनी झालेली वस्तू म्हणजे कुणाचा तरी हात. आपण तो हात जपतोय.

असं मला वाटत होतं.

माझ्या कपाटात मधल्या फळीवर चार कपबशा आहेत. पांढऱ्या, निळ्या फुलाच्या, सोनेरी कडेच्या. खाली 'मेड इन जपान' असं छापलेलं. आज्जीचा दीर परळला गिरणीत होता, त्यानं एका जत्रेला गावी येताना त्या आणल्या. मूळ सहा. एक माझ्या आत्याच्या हातून फुटला, तो सगळ्यांना आठवतो, कारण आत्याला त्यावरून मार बसला होता. राहिले पाच. पण पेटीत निघाले चारच, आणि बशा पाच. पाचवा कप गेला कुठं हे कुणालाच सांगता येईना. मग त्याच्या जोडीचा कप शोधायचा नाद मला लागला. पंधरा वर्षं मी तसला कप शोधत होतो. जुन्या बाजारात शोधला, मुंबईला गेलो तेव्हा चोरबाजारात शोधला. एकदा अगदी तसं फूल मिळालं, पण कड रुपेरी होती. तरी ऐंशी रुपये देऊन घेतला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका वर्गमित्रानं तालुक्याच्या गावी घर बांधलं. आम्ही दहावीला एका बाकावर होतो. 1975 साली दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली, त्या तुकडीतले आम्ही. मी तिथंच थांबलो, शेतीला लागलो. तो पुढं शिकला, प्राथमिक शिक्षक झाला, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. सगळे त्याला गुरुजी म्हणतात, म्हणून मीही इथं गुरुजीच म्हणतो. त्याचे वडील आमच्याकडं सालगडी होते. घर बौद्धवाड्यात.

घरभरणीला मी त्याला एक मोठी बरणी नेली. त्याला आवडली. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं गच्चीवर बसलो आणि मी माझ्या हौसेचं पुराण लावलं. पाचव्या कपाची गोष्ट मी रंगवून सांगतो, तशीच सांगितली. निळं फूल, सोनेरी कड, चोरबाजार.

गुरुजी ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्या बाच्या कपावर असंच निळं फूल व्हतं."

मी म्हणालो, "तुमच्याकडं पण तसला सेट होता?"

तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "आमच्याकडं कुठला सेट लेका. तुमच्या गोठ्याच्या दिवळीतला. कान तुटलेला."

त्या रात्री मी घरी आलो तो सरळ गोठ्यात गेलो. दिवळी तीच आहे. तिच्यात खिळे, विळ्याची मोडकी मूठ, जनावराला औषध पाजायची नळी, आणि मागच्या बाजूला बेंदराला बैलांची शिंगं रंगवायचा रंग कालवायचा डबडा. आम्ही त्याला डबडाच म्हणतो. तो मी दरवर्षी हातात घेतो. चाळीसेक वर्षांचे रंगाचे थर त्याच्यावर बसलेले, लाल, हिरवा, पुन्हा लाल. रॉकेलात भिजवून मी तो खरवडला. पहाटे कधीतरी कडेला सोनेरी रेघ दिसली.

पंधरा वर्षं जो कप मी दोन शहरांत शोधत होतो, तो दर बेंदराला माझ्या हातात होता.

मग एकेक आठवायला लागलं. आठवायला लागलं म्हणणंही खरं नाही, ते विसरलेलं नव्हतंच. सकाळच्या चहाचा तांब्या गोठ्यात न्यायचं काम माझंच होतं. गुरुजीचे वडील दिवळीतला कप काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि खाली ठेवून मागं सरायचे. मी तांब्या उंच धरून वरनं ओतायचा. शिंतोडा उडाला तरी चालेल, पण तांब्या कपाला लागायचा नाही. चहा पिऊन ते कप स्वतः विसळायचे आणि दिवळीत पालथा घालायचे. माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस, आणि मी त्यांना 'ए, चहा घे' म्हणायचो. कुणी मला हे बसवून शिकवलं नाही. मी बघून शिकलो, बैल जुंपायला शिकलो तसंच.

1955 सालीच अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा झाला होता. म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. पण तो आमच्या दिवळीपर्यंत पोचला नव्हता.

आज्जीला कान तुटलेला कप टाकवला नसणार. चांगल्या सेटमधून तो तिनं गोठ्यात काढला, आणि तिथं गेल्यावर आमच्या लेखी तो कपच राहिला नाही. म्हणून तर घरात मोजताना कुणालाच तो आठवला नाही. फुटलेला कप आठवला आणि वापरातला विसरला.

आता त्याचं करायचं काय, हा प्रश्न आला. आमची मंडळी म्हणाली, "नदीत सोडून द्या. कशाला भुतं उकरता?" थोरला म्हणाला, "बाबा, तो काळच तसा होता. तुम्ही तेव्हा लहान होता. आता तरी सेट पुरा झाला असं समजा." दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते.

मला तिसरंच सुचलं. कप स्वच्छ धुऊन, कागदात गुंडाळून मी गुरुजीकडं नेला. वाटलं, ज्याची वस्तू त्याला द्यावी, एवढं तरी आपल्या हातात आहे. जाताना मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. कुठंतरी वाचलं होतं की चीनमधल्या मूळच्या चहाच्या कपाला कान नसतोच, तो युरोपातल्या लोकांनी पुढं लावला. तेही मी त्याला सांगितलं, वातावरण हलकं करायला. तो हसला नाही.

त्यानं कप हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत टेबलावर ठेवला. "मला कशाला देतोस? माझ्याकडं बाची काठी हाय, चष्मा हाय. त्या त्याच्या वस्तू. ह्यो कप त्याचा नव्हता. त्याला फक्त ह्याच्यात चहा मिळायचा. कप तुमचाच."

मी विचारलं, "मग मी काय करू ह्याचं?"

"ते मला इचारू नको," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बाकीच्या चार कपांचं काय करायचं हे कधी इचारलंस का मला?"

एसटीत परत येताना तो कप मांडीवर होता आणि मी विचार करत होतो. मला शेतीतलं कळतं, तर शेतीतल्यासारखं बोलतो. वडील वारले की पोरं तलाठ्याकडं जातात, वारसनोंद होते, सातबारावर नाव लागतं. पण त्याच सातबारावर इतर हक्काचा रकाना असतो. त्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढलेला असतो. कुणी असं म्हणू शकत नाही की जमीन माझ्या नावावर करा आणि बोजा तेवढा वडिलांच्या नावावर राहू द्या, कर्ज मी काढलं नव्हतं. रान पाहिजे तर बोजासकट घ्यावं लागतं.

आज्जीची बरणी मी विकत घेतली नव्हती. तिच्यासाठी मी काही केलं नव्हतं. तरी पाहुण्याला दाखवताना 'आमची' म्हणतो आणि छाती फुगते. मग कपाच्या वेळी 'तो काळ तसा होता' हे कसं चालेल? बरणीचा काळही तोच होता. एकाच घरातल्या, एकाच बाईच्या हातच्या वस्तू. आणि आज्जी काही दुष्ट नव्हती. दुष्काळात तिनं दारात आलेल्या कुणालाही उपाशी पाठवलं नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ते खरं आणि दिवळीही खरी. एकानं दुसरं खोडता येत नाही. मला आधी वाटायचं तसं घडायला हवं, एक पारडं वर जायला हवं. ते जात नाही.

जुन्या वस्तू जमवणारा माणूस निवड करतो. हे ठेवायचं, ते भंगारात. मी जपलं ते सगळं चांगलं दिसणारं होतं. मी हात जपतोय म्हणायचो, पण कुठले हात? ज्यांच्या हातांनी आमची जनावरं आणि आमचं रान राखलं, त्यांच्या हातातली एकच वस्तू आमच्या घरात होती आणि तिच्यात मी रंग कालवत होतो. आणि तो कप गुरुजीला द्यायला गेलो तेव्हाही मी तेच करत होतो. मला जड झालेलं ओझं त्याच्या नव्या घरात नेऊन ठेवत होतो, वर त्याला भेट म्हणत होतो. भेट देणाऱ्यानं एवढं तरी बघावं की आपण देतोय का टाकतोय.

कप आता मधल्या फळीवर आहे, चार कपांच्या ओळीत, तुटलेली बाजू पुढं करून. रुपेरी कडेचा तो ऐंशी रुपयांचा कप मी काढून ठेवला. पाहुणे विचारतात. पहिल्यांदा मी अडखळलो, 'जुना आहे, राहू दे' म्हणून विषय बदलला. दुसऱ्यांदा सांगितलं. एक पाहुणे ऐकून गप्प झाले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्याकडं पत्र्याचा डबा होता." अजून कुणी उठून गेलेलं नाही. माझी आठ वर्षांची नात मात्र सोडत नाही. "आजोबा, तांब्या लागला असता तर काय झालं असतं?" असं तिनं विचारलं. मी म्हणालो, काहीच झालं नसतं. "मग वरून का ओतायचा?" याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. ती मोठी व्हायची वाट बघतोय, असं मी स्वतःला सांगतो.

गेल्या दिवाळीत गुरुजी घरी आला. बैठकीत बसला. कपाटाकडं त्याचं लक्ष गेलं, मी बघितलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. निळ्या फुलाच्या दोन कपांत चहा आणला. दोघांनीही बशीत ओतून प्यायला, शाळेच्या पोरांसारखा आवाज करत. पावसाचं, सोयाबीनच्या भावाचं बोलणं झालं. चहा संपल्यावर तो बोलता बोलता उठला आणि स्वतःची कपबशी घेऊन मोरीकडं निघाला.

सवयीनं, का मुद्दाम, ते मला कळलं नाही. मी त्याच्या हातातली कपबशी घेतली, माझी तिच्यावर ठेवली आणि मोरीत जाऊन दोन्ही विसळल्या.