दोष कोणाचा?

लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपली चौकशी सुरू होते. बाप्तिस्म्याचे जेवण असो की मयताचे घर, कुणीतरी हळूच विचारतेच, "काही विशेष?" आणि पाठ वळली की दुसरा प्रश्न येतो, "दोष कुणात आहे हो?" बहुधा बोट सुनेकडे जाते.

याबाबत विज्ञान काय सांगते ते पाहू या. गर्भात अर्धा वाटा पित्याचा असतो. मग आईचे शरीर त्याला परका समजून बाहेर का टाकत नाही? हा प्रश्न पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने १९५३ साली मांडला. गर्भाशयाच्या अस्तरात काही पांढऱ्या पेशी असतात. त्यांचे नावच 'मारेकरी पेशी'. पण तेथे त्या मारत नाहीत, उलट बाळाला रक्त पोहोचावे म्हणून रक्तवाहिन्या रुंद करण्यास मदत करतात. या पेशींवरील 'केआयआर' नावाचे ग्राहक गर्भाच्या पेशींवरील 'एचएलए-सी' ही खूण ओळखतात. खुणेचे मुख्य प्रकार दोन, आणि ती आई व वडील दोघांकडूनही येते. काही जोड्या चांगल्या जुळतात, काही कमी. कमी जुळणाऱ्या जोड्यांत गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा विकार अधिक आढळतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २००४ साली दाखवले. प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ वारंवार का रुजत नाही, याचेही उत्तर काहीजण येथे शोधतात. ते अजून सिद्ध झालेले नाही. पुष्कळदा गर्भातील गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. म्हणून अशा चाचण्या आणि त्यांवरचे महागडे उपचार सरसकट करावेत, इतका पुरावा नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, जनुके जुळली नाहीत. दोष कोणाचा? पत्नीची जनुके सदोष नाहीत, पतीचीही नाहीत. वेगळ्या जोडीत तीच निर्धोक ठरली असती. शिवाय पित्याकडे दोन्ही खुणा असतील, तर एका गर्भाला एक मिळेल, दुसऱ्याला दुसरी. येथे कारण आहे, पण दोषी कुणीच नाही. कारण आणि दोष यांत आपण नेहमी गल्लत करतो. जे माणसाने निवडले नाही, त्याचा जाब त्याला कसा विचारणार? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हेच विचारले होते, पाप याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले.

प्रयोगशाळेतील गर्भधारणा ख्रिस्तसभेला मान्य नाही. १९८७ च्या 'डोनुम विते' या पत्रकात तिने ते स्पष्ट केले. मूल हा कुणाचा हक्क नसून दान आहे, अशी तिची शिकवण. मात्र जगात येणारे प्रत्येक बाळ, ते कसेही आलेले असो, देवाचे दान म्हणूनच स्वीकारावे, असेही तेच पत्रक सांगते. या वाटेने जाऊन रिकाम्या हाती परतलेले जोडपे आपल्याच बाकावर शेजारी बसलेले असेल. त्यांनी पैसा घालवला, आशा घालवली. वर आपले टोमणे कशाला? उद्या जनुकांचा अहवाल हाती आला, तर "हिचे जुळत नाही" असे म्हणायला आपल्याला नवे हत्यार मिळेल. विज्ञान त्यासाठी नाही.

तेव्हा पुढच्या वेळी "काही विशेष?" हे शब्द ओठांवर आले, तर गिळून टाकू या. "कसे आहात? घरी या जेवायला" एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.