वाड्यात बसणार कोण?

पुण्यात पेशव्यांचे दोन वाडे आगीत सापडले. शनिवारवाडा १८२८ मध्ये, विश्रामबागवाडा १८७९ मध्ये. पहिल्याचे तट, दरवाजे आणि आतली जोती तेवढी उरली. दुसरा आजही भर रस्त्यावर लाकडी सज्जा मिरवत उभा आहे. शनिवारवाड्याची आग मोठी होती, हे खरंच. पण विश्रामबागेवाचून लोकांचं काम अडत होतं, हेही विसरून चालणार नाही. १८२१ मध्ये तिथं संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे शाळा झाली, नगरपालिका आली, टपाल कचेरी आली. दुसऱ्या बाजीरावाच्या हौसेची वास्तू सरकारी फायलींनी जगवली, हा इतिहासाचा मिश्कीलपणाच म्हणायचा.

अर्थात वापर म्हणजे लाडकोड नव्हे. कचेरी आली की पार्टिशन येतं, कोरीव खांबाला खिळा ठोकून वायर जाते, आणि ओल दिसली की कंत्राटदार सिमेंटचा गिलावा मारून मोकळा होतो. खरा घात तिथं होतो. जुनी भिंत चुन्याची. ती पाणी पिते आणि वाऱ्यावर ते सोडूनही देते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोकं कुजू लागतात. बाहेरून सगळं गुळगुळीत. आत लाकूड बोटानं उकरलं तरी भुसा पडतो. त्यापेक्षा चुना नीट भिजवून, घाण्यात मळून, थरावर थर देत केलेलं काम महाग आणि वेळखाऊ असलं तरी भिंतीच्या स्वभावाला धरून असतं.

हल्ली दर्शनी भाग राखायचा आणि मागं काँक्रीट ओतायचं, अशीही एक सोय निघाली आहे. मला ती फसवणूक वाटते. नव्या वापरासाठी बदल करावेत: संडास हवेत, जिन्याला कठडा हवा, विजेची वायरिंग नवी हवी. पण वास्तूचा रोजचा वापर सुटू नये. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ पासून मंडईच आहे, आणि त्या छपराखाली भाजी विकली जाते म्हणूनच तिथलं गळकं छप्पर कुणाच्या तरी नजरेस पडतं.

म्हणून दुरुस्तीचं अंदाजपत्रक मंजूर करताना नगरसेवकांनी आणि नागरिकांनीही आधी विचारावं: काम झाल्यावर इथं रोज कोण बसणार, आणि पावसाळ्याआधी पन्हाळी कोण साफ करणार?